बिरागो कापड नेसते

शनिवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास कोनाडूबाईंना त्यांचा मेलेला भाऊ खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेमागून चालत जाताना दिसला. भावाला पुरून पुरते दोन तासही झाले नव्हते. खड्डा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, वर माती पडतानाही पाहिली होती. आणि आता तोच भाऊ काळं कापड डाव्या खांद्यावर टाकून, डोक्याला काळं फडकं बांधून, पायांत रुंद काळ्या चपला घालून शाळेच्या मैदानात खुर्च्या मोजत होता. कोनाडूबाईंच्या हातातली पाण्याची पिशवी खाली पडून फुटली. शेजारच्या दोन चुलतबहिणींनी त्यांच्या नजरेच्या रोखानं पाहिलं आणि एकदम किंकाळी फोडली.

भाऊ दचकून वळला. वळल्यावर कळलं की ती कोनाडूबाईंची पोटची पोर बिरागो आहे.

"काय झालं आई? साप निघाला का?"

"साप परवडला असता!" कोनाडूबाई छातीवर हात दाबत म्हणाल्या. "हे काय नेसलीयेस तू?"

"कापड."

"कापड मलाही दिसतंय. कुणाचं ते विचारतेय."

"मामाचं. त्यानंच दिलं. दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशी म्हणाला, हे तुला शोभेल."

"शोभेल? अगं, तापात होता तो! त्या आठवड्यात त्यानं मला तीनदा मास्तर म्हणून हाक मारली. मग मी काय शाळा काढायची का?"

तसं पाहिलं तर हे काही एका दिवसात घडलं नव्हतं. बिरागो सव्वीस वर्षांची, कुमासी शहरातल्या एका छापखान्यात मयताची मोठमोठी रंगीत पत्रकं जुळवायचं काम करणारी मुलगी. बाराव्या वर्षी तिनं मामाचा शर्ट चढवला तो उतरवलाच नाही. पुढे जुन्या कपड्यांच्या बाजारातून पुरुषी विजारी आल्या, विजारींवर आजीच्या मण्यांच्या माळा आल्या, मग लांब घागऱ्यावर पुरुषांचं जाकीट आलं. काही पुरुषाचं, काही बाईचं आणि दोन्ही कसं जुळवायचं ते तिचं स्वतःचं. आरशासमोर ती एकेका बाहीची घडी पाच पाच वेळा घालून बघायची. छापखान्यातल्या पोरी आधी हसल्या आणि नंतर तिला विचारून कपडे घ्यायला लागल्या.

कोनाडूबाई मात्र या सगळ्याकडे पोरीला लागलेल्या खोकल्यासारखं बघत आल्या होत्या. आपोआप जाईल अशी आशा, आणि तोवर लोकांना सांगायला काहीतरी कारण. शर्ट का, तर उकडतं म्हणून. विजार का, तर मोटारसायकलवरून जावं लागतं म्हणून. जाकीट का, तर छापखान्यात पंख्याचा गार वारा लागतो म्हणून. काळ्या कापडाला मात्र त्यांच्याकडे कारण उरलं नव्हतं, आणि पाहुणे तर यायला लागले होते.

"गाडीत मागच्या सीटवर तुझा काबा आहे," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. "पोलकं, घागरा, सगळं शिवून आणलंय. तुझ्या मापाचं. जा आणि घालून ये. आज घरच्या सगळ्या बायका एका कापडात, एका शिवणीत उभ्या आहेत."

"मीही काळ्यातच आहे ना आई."

"तू पुरुष होऊन उभी आहेस! अर्धी कुमासी येणार आहे आज. स्वागताच्या रांगेत माझ्या शेजारी तू अशी उभी राहिलीस तर लोक भावासाठी रडतील की तुझ्याकडे बघत बसतील?"

"आणि नाही बदललं तर?"

"तर माझ्या शेजारी येऊ नकोस. त्या तिकडे बस, पाहुण्यांत."

मामाच्या दिवशी मामाचं कापड नेसून आईच्या शेजारी उभं राहायचं, येणाऱ्या प्रत्येकाचा हात हातात घ्यायचा, एवढंच बिरागोनं मामा शवागारात होता तो महिनाभर मनात धरलं होतं. ती वळली. रागाच्या भरात तिनं डोक्याचं फडकं ओढून काढलं आणि मनगटाला गुंडाळलं. घोटाळ्याची सुरुवात तिथेच झाली.

कारण फडक्याखाली काय होतं ते कोनाडूबाईंनी पाहिलंच नव्हतं. शुक्रवारी बिरागो न्हाव्याकडे गेली होती. "बारीक काप, गोल," एवढंच तिनं सांगितलं. न्हावी म्हातारा होता आणि हौशी होता. त्यानं डोकं मागून पुढून गोल घोटलं, केसांची कड आखून घेतली आणि त्या कडेवर काळाभोर रंग चढवला. रंग उन्हात ओघळू नये म्हणून ती सकाळपासून फडकं बांधून होती. घरच्या आरशात तिला फक्त समोरचं दिसलं होतं, आणि समोरून ते छान दिसत होतं.

आता आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की अशी काळ्या कडेची गोल हजामत करून, कापड पुरुषासारखं खांद्यावर घेऊन, पायांत त्या रुंद चपला घालून जी बाई हिंडते ती राजमाता असते. बिरागोलाही ते ठाऊक होतं. पण माणूस स्वतःकडे बघताना असलं काही आठवत नाही. आपण मामाचे दिसतो, एवढंच तिला दिसत होतं.

त्या मैदानावर त्या दिवशी दोन मयतांचे मंडप होते. एक बिरागोच्या मामाचा. दुसरा त्याला पाठ लावून, आजी फोसुआचा. ही आजी ब्याण्णव वर्षं जगली होती आणि बोंक्रोसो गावच्या राजघराण्यातली होती, म्हणून बोंक्रोसोची राजमाता स्वतः येणार होती. राजमाता नवीन होती, गादीवर बसून तिला तीनच आठवडे झाले होते. तरुण आहे आणि शिकलेली आहे, यापलीकडे शहरात कुणालाच काही माहीत नव्हतं. नऊची वेळ दिली होती. दहा वाजत आले तरी पत्ता नव्हता. मोठी झालरीची छत्री धरणाऱ्या माणसाचा हात अवघडला होता, ढोलवाले दर गाडीला उठून बसत होते, आणि कुलप्रमुख ओपोंग रस्त्याकडे बघून बघून रडवेले झाले होते.

शाळेचं शौचालय त्या मंडपाच्या पलीकडे होतं. बिरागोला कुठेतरी दार लावून पाच मिनिटं रडायचं होतं. तिला भरभर जायचं होतं, पण आठ वार कापड नेसून भरभर जाता येत नाही. खांद्यावरचा पदर घसरायला लागला की थांबावं लागतं, हातानं सावरावा लागतो, मान ताठ ठेवावी लागते. ती थांबत, सावरत, मान ताठ ठेवून, ओल्या डोळ्यांनी मंडपाच्या तोंडाशी आली.

छत्रीवाल्यानं आधी पाहिलं. तो धावला. डोक्यावर एकदम सावली आली म्हणून बिरागोनं वर बघितलं, आणि त्याच क्षणी ढोल सुरू झाले. आपल्या मागून कुणी मोठं माणूस येतंय असं वाटून ती बाजूला सरकली. छत्रीही सरकली. ती उलट बाजूला सरकली. छत्री तिकडेही आली.

"अहो, तुमची माणसं मागे राहिली वाटतं," ती छत्रीवाल्याला म्हणाली.

"आपली माणसं कुठायत?" ओपोंग चपला काढून, कापड मानानं खांद्यावरून खाली घेऊन धापा टाकत पुढे आले.

"माझी? माझी तिकडे, मागे आहेत."

"येतील, येतील मागाहून. रस्ताच तसला आहे. चला, चला!"

तीनशे माणसं उभी राहिली. बिरागोच्या दोन्ही कोपरांना दोन म्हाताऱ्या बायकांनी हात दिला, आणि तिला काही कळायच्या आत ती पितळी फुल्यांच्या नक्षीदार खुर्चीत बसली होती. बसल्यावर कळलं. कळल्यावर तिचं धाबं दणाणलं. राजमातेच्या खुर्चीत भलतंच कुणी बसलं तर आमच्याकडे दंड म्हणून मेंढी द्यावी लागते. मेंढीचं एवढं नाही, पण ती का द्यावी लागली हे पुढची वीस वर्षं प्रत्येक लग्नात आणि बारशात चवीनं सांगितलं जातं.

ती उठायला गेली तर कमरेची गाठ खुर्चीच्या पितळी फुलीत अडकली आणि सुटली. आता उठलं तर आठच्या आठ वार खाली येणार होतं.

तेवढ्यात सोन्याच्या मुठीची काठी घेतलेला एक उंच म्हातारा तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. हे फोसुआ घराण्याचे ओच्यामे, नाव अड्डाई. राजमाता लोकांशी थेट बोलत नसते. तिनं हळू बोलायचं आणि ओच्यामेनं ते चारचौघांत नीट मांडायचं, अशी रीत. अड्डाई या कामात चाळीस वर्षं मुरले होते. त्यांच्या हाती आलेलं वाक्य बोलणाऱ्यालाच ओळखू येत नसे, अशी त्यांची ख्याती होती.

"आपला ओच्यामे येईपर्यंत हा म्हातारा सेवेला आहे," ते वाकून म्हणाले. "बोलावं."

"काका," बिरागो कुजबुजली, "मी राजमाता नाहीये हो. मी शौचालय शोधत होते."

अड्डाई ताठ झाले. काठी जमिनीवर आपटली. मंडप शांत झाला.

"राजमाता म्हणतात, मरणाच्या दारात त्या कुणी राजमाता नाहीत! त्या आपल्यासारख्याच, वाट शोधत आलेल्या एक साध्या बाई आहेत!"

"व्वा!" तीनशे माणसं म्हणाली. एका बाईनं डोळे पुसले.

बिरागोच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो काका, असं नका ना सांगू! मी खरंच कुणी नाही. छापखान्यात काम करते मी."

"राजमाता म्हणतात, त्यांना मोठेपणा सांगू नका! आपल्या हातांनी कष्ट करून खाणाऱ्या आहेत त्या!"

"शिकलेली आहे, ऐकलं होतं मी," मागे कुणीतरी म्हणालं. "पण इतकी साधी!"

ओपोंग हात जोडून पुढे आले. आजी फोसुआबद्दल दोन शब्द ऐकायला घरचे आतुर होते. बिरागोनं हताश होऊन अड्डाईंकडे पाहिलं. "सांगा त्यांना, मी या आजींना ओळखतसुद्धा नाही."

"राजमाता म्हणतात," अड्डाईंचा आवाज भरून आला, "फोसुआला आपण ओळखतो असं म्हणायची कुणाची छाती आहे!"

यावर आजीच्या तिन्ही मुली हमसून हमसून रडल्या. थोरलीनं तर येऊन बिरागोच्या पायांवर डोकं टेकवलं. बिरागोनं यापुढे तोंडच उघडायचं नाही असं ठरवलं, पण गप्प बसण्याचाही अर्थ काढला जाईल अशी भीती तिला वाटायला लागली.

आणि नेमकं त्याच वेळी मामाच्या मंडपातला भोंगा दणाणला. मामाला गाणी फार आवडायची, म्हणून कोनाडूबाईंनी सहा भोंगे लावले होते. त्यातले चार या मंडपाकडे तोंड करून होते. फोसुआ घराणं सकाळपासून दात ओठ खात बसलं होतं.

"बघा ना राजमाता," ओपोंग कळवळून म्हणाले. "दोनदा माणूस पाठवला. ती बाई ऐकत नाही. म्हणते, माझा भाऊ एकदाच मेलाय. आता आपण आहात. आपल्या नावानं बोलावलं तर तिला यावंच लागेल."

"नको!" बिरागो किंचाळली. "त्यांना बोलावू नका! वाट्टेल ते करा, पण त्यांना इथे बोलावू नका!"

अड्डाईंनी क्षणभर विचार केला. "राजमाता म्हणतात, त्या बाईंना बोलावू नका. त्यांना मानानं आणा!"

छत्रीवाल्यासकट चार माणसं मानानं आणायला धावली.

तिकडे कोनाडूबाईंना बोंक्रोसोच्या राजमातेचा निरोप मिळाला तेव्हा त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांनी आधी भोंगे बंद केले. मग दोन चुलतबहिणींना बरोबर घेतलं, काबा सारखा केला, गळ्यातला हार काढून पर्समध्ये टाकला आणि वाटेत सतरा वेळा विचारलं, "माफी मागताना आधी गुडघा टेकायचा की आधी बोलायचं?" मंडपाच्या तोंडाशी त्यांनी चपला काढल्या. राजमातेच्या तोंडाकडे बघायचं नसतं म्हणून मान खाली घालून त्या पुढे आल्या आणि गुडघ्यावर बसल्या.

"ओच्यामे, राजमातांना सांगावं," त्या म्हणाल्या, "चूक झाली. भावाच्या दुःखात भान राहिलं नाही. आजच्या दिवसाला जरा..."

त्या तिथेच थांबल्या. समोर दोन पाय होते. पायांत रुंद काळ्या चपला होत्या आणि डाव्या चपलेचा पट्टा तपकिरी दोऱ्यानं शिवलेला होता. तो दोरा त्यांच्याच शिवणाच्या डब्यातला होता. पट्टाही त्यांनीच शिवला होता, गेल्या नाताळात.

कोनाडूबाईंनी नजर हळूहळू वर नेली. घोटा, काळं कापड, मनगटाचं फडकं, कापडाबाहेरचा उजवा खांदा. आणि त्याच्या वर, काळ्या कडेच्या गोल हजामतीखाली, त्यांच्या पोरीचा पांढराफटक पडलेला चेहरा. त्यांची दातखीळच बसली. एका चुलतबहिणीनं मागच्या मागे जमिनीवर बसकण मारली, दुसरीनं तोंडात कापडाचा बोळा कोंबला.

"दुःख अनावर झालंय बाईंना," ओपोंग हळहळले.

आता ओरडावं तर पोरीवर मेंढी, पोरीच्या आईवर वीस वर्षांची बदनामी. न ओरडावं तर छातीत मावत नव्हतं. कोनाडूबाईंनी दात आवळले आणि अड्डाईंकडे तोंड करून म्हणाल्या, "राजमातांना म्हणावं, त्यांनी खुर्चीवरून उठावं. आत्ताच्या आत्ता."

अड्डाई वाकले. "बाई म्हणतात, आपण उभं राहून दर्शन द्यावं."

"त्यांना सांगा, उठता येत नाहीये," बिरागो रडकुंडीला येऊन म्हणाली. "गाठ सुटलीये."

"राजमाता म्हणतात, शोकाच्या भारानं त्यांना उठवत नाही!"

मंडपानं एकच सुस्कारा सोडला. मायलेकी चार हातांवर होत्या, दोघींना दोघींचं सगळं ऐकू येत होतं, पण बोलायचं तर अड्डाईंच्या तोंडूनच. कोनाडूबाईंचा संताप त्या गोड बोलण्यानं आणखीच भडकला.

"विचारा त्यांना, घरी आई आहे का? असलं काही करण्याआधी तिला विचारायची रीत आहे का?"

"बाई आपल्या मातोश्रींचं क्षेमकुशल विचारताहेत."

"सांगा, आई आहे," बिरागो म्हणाली. आणि मग, आपण कुठे बसलोय ते विसरून, ती बोलतच गेली. "सांगा, चौदा वर्षं तिच्या डोळ्यांसमोरच करतेय मी. तिनं एकदाही विचारलं नाही. दर वेळी तिनं लोकांना सांगायला कारण शोधलं. ऊन, मोटारसायकल, पंखा. मला आवडतं म्हणून मी घालते, हे एकच कारण तिला सापडलं नाही. मामाला सापडलं. आणि आज मामाच्या दिवशी मला तिच्या शेजारी उभं राहायचं होतं, तर ती म्हणाली पाहुण्यांत बस. म्हणून मी इथे येऊन बसलेय. पाहुण्यांत."

अड्डाईंनी काठी आपटली. तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून काही निघालं नाही. त्यांनी बिरागोकडे पाहिलं, कोनाडूबाईंकडे पाहिलं, पुन्हा बिरागोकडे पाहिलं. दोघींचं नाक एकच होतं.

"राजमाता म्हणतात..." ते चाचरले. "म्हणजे... त्यांचं असं म्हणणं आहे की..."

त्याच वेळी रस्त्यावर शिंगं वाजली. दोन गाड्या थांबल्या. छत्री उतरली, ढोल उतरले, काठीवाला ओच्यामे उतरला, आणि त्यांच्यामधून काळ्या कडेच्या गोल हजामतीची, खांद्यावर कापड घेतलेली, रुंद चपला घातलेली पस्तिशीची एक बाई मंडपात आली.

"बाजाराजवळ दीड तास अडकलो हो," ती म्हणाली, आणि खुर्चीकडे बघून थांबली.

तीनशे माणसांनी आ वासला. ढोलवाल्याच्या हातातली टिपरी गळून पडली. ओपोंगांनी या राजमातेकडे पाहिलं, त्या राजमातेकडे पाहिलं आणि जवळच्या खुर्चीचा आधार घेतला. छत्रीवाला छत्री घेऊन दोघींच्या मधोमध उभा राहिला, त्यामुळे सावली कुणावरच पडली नाही.

"ही कोण?" राजमातेनं विचारलं.

बिरागोला वाटलं, आता आई मान खाली घालील आणि गर्दीत मिसळेल. तिच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं. कोनाडूबाई गुडघ्यावरून उठल्या. त्यांच्या काब्याची एक शिवण टर्र करून उसवली. त्या जाऊन बिरागोच्या खुर्चीपुढे उभ्या राहिल्या आणि ओच्यामेला मध्ये न घेता, थेट राजमातेच्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "माझी मुलगी आहे. मेंढी असेल ती माझ्या नावावर लावा."

"मेंढीचं मग बघू," राजमाता म्हणाली. "आधी सांगा, मी राजमाता आहे असं ही म्हणाली का?"

मंडपात कुजबुज झाली. कुणी म्हणालं हो, कुणी म्हणालं नक्की आठवत नाही. शेवटी आजी फोसुआची थोरली मुलगी उठली. "नाही. मी राजमाता नाही, असंच म्हणाली. सगळ्यांसमोर सांगितलं गेलं. आम्हीच व्वा म्हणालो."

सगळ्यांच्या नजरा अड्डाईंकडे वळल्या. अड्डाई काठीच्या मुठीकडे बघत होते.

"अड्डाई, पोरगी तुम्हाला नेमकं काय म्हणाली?"

"जे मी सांगितलं तेच," ते म्हणाले. "फक्त मी त्याला जरा..." त्यांनी हवेत बोटं फिरवली. "चांगल्या घरची वाटली हो. तिची वाक्यं फार उघडी होती."

राजमातेनं ओठ दाबले, पण खांदे हललेच. "मग मेंढी फोसुआ घराण्यावर. पाहुणीला ओढून खुर्चीत तुम्हीच बसवलंत, आणि ती नाही नाही म्हणत असताना ऐकून घेतलं नाहीत." ओपोंग मटकन खाली बसले. राजमाता पुढे आली, तिनं बिरागोला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "आणि हे कापड नेसवलं कोणी?"

आता खरी कंबख्ती आली असं सगळ्यांना वाटलं. बिरागोनं सुटलेली गाठ मुठीत घट्ट धरली. "मीच नेसले."

"म्हणूनच!" कोनाडूबाई एकदम उसळल्या. सकाळपासून जे अडलं होतं ते बाहेर पडलं. "म्हणूनच हे असं बोचकं दिसतंय! पाठीमागे बघा, काठ जमिनीवर लोळतोय. खांद्यावर घडी आहे की चुरगळा? कुणी शिकवलं तुला? मामानं? त्याला स्वतःला कधी जमलं नाही! त्याचं लग्न होईपर्यंत दर सणाला मी नेसवलंय त्याला. ऊठ!"

"आई, गाठ..."

"धरलीये मी. ऊठ म्हणते ना!"

आणि तीनशे माणसांसमोर, खऱ्या राजमातेच्या पुढ्यात, कोनाडूबाईंनी पोरीभोवती आठ वार कापड झटकून मोकळं केलं. चुलतबहिणींनी आडोसा धरला, पण त्याची गरजही नव्हती, कारण बिरागोनं आतून काळं पोलकं आणि गुडघ्यापर्यंत विजार घातली होती. कोनाडूबाईंनी काठ जुळवले, कमरेशी ओढून घेतले, पाठीवरून फिरवून डाव्या खांद्यावर टाकले, आणि हाताच्या एका झटक्यात घडी बसवली. मग दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. पुन्हा पुढे येऊन खांद्याची घडी दोन बोटं खाली ओढली. कापड बिरागोच्या अंगावर असं बसलं की राजमातेनं नकळत स्वतःचा पदर चाचपून पाहिला.

घडी सारखी करता करता कोनाडूबाई लेकीच्या कानाशी लागल्या. "उद्या चर्चला पांढरं नेसायचं आहे," त्या पुटपुटल्या. "सहाला ऊठ. मी नेसवते."

बिरागोनं मान हलवली.

अड्डाई सवयीनं वाकून ऐकत होते. त्यांनी काठी सरसावली, घसा खाकरला. "मोठ्यानं सांगू?"

"नको," कोनाडूबाई म्हणाल्या. "याला तुम्ही काही लावू नका."

त्यांनी चपला पायांत सरकवल्या, लेकीचं मनगट धरलं आणि भावाच्या मंडपाकडे चालू लागल्या. तिथे स्वागताच्या रांगेपुढे पाहुणे खोळंबले होते.